ब्रेसेस निघाल्या, पण जोर एकाच बाजूला पडतोय? या चुका टाळा

दात काढून ट्रीटमेंट झालेल्या बऱ्याच जणांना ब्रेसेस निघाल्यावर असं होतं, की आरशात दात एकदम सरळ पण चावायला गेलं की एका बाजूच्या दाढा आधी टेकतात आणि दुसरीकडे पोकळ वाटतं, मग टेन्शन येतं आणि घाईघाईत काहीतरी केलं जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात "डॉक्टर, तेवढा दात घासून द्या ना" म्हणून मागे लागणं. प्रीमोलर (सुळ्यामागची छोटी दाढ) काढून ती जागा बंद केली की पुढचे दात मागे येतात, दाढाही थोड्या पुढे सरकतात, म्हणजे वरखालचे दात जिथे टेकतात ते पॉइंट बदलतात आणि ब्रेसेस काढल्याच्या दिवशी ते पक्के झालेले नसतात. पुढचे काही महिने दात किंचित वरखाली होत एकमेकांत बसतात, यालाच सेटलिंग म्हणतात. मुळांभोवतीचे तंतू सावरायला 3-4 महिने लागतात आणि हिरडीतल्या तंतूंना तर वर्षभरही. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, मात्र एकदा घासलं की परत येत नाही, म्हणून आधी वाट बघा. हां, एखादा दात टेकला की दुखतोय किंवा हलतोय तर थांबू नका, लगेच दाखवा.

दुसरी चूक रिटेनरची, म्हणजे ब्रेसेसनंतर दात जागेवर राहावेत म्हणून घालतात त्याची. पूर्ण दात झाकणारा पारदर्शक रिटेनर असेल तर चावायचे पृष्ठभागही झाकले जातात त्यामुळे सेटलिंग हळू होतं, तारेच्या हॉली रिटेनरमध्ये ते मोकळे राहतात. पण म्हणून स्वतःच्या मनाने घालायचं बंद करू नका प्लीज, काढलेल्या दाताची जागा परत उघडू शकते आणि शेजारचे दात त्यात कलतात, मग बाईट (वरखालचे दात एकमेकांवर बसणं) अजूनच बिघडते. तास कमी करायचे का हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि घट्ट झालेला रिटेनर दाताखाली दाबून चावून बसवू नका.

आता तपासणीबद्दल, कारण इथे खूप गैरसमज आहे. रंगीत कागद चावायला देतात ना, त्यावरचा मोठा डाग म्हणजे जास्त जोर असं नसतं, तो फक्त कुठे टेकतंय एवढंच सांगतो. कुठला दात आधी टेकला आणि एकूण जोरातला किती वाटा कुठे गेला हे टी-स्कॅनसारख्या सेन्सरवर दिसतं, तेही टक्क्यांत, खरा जोर किती ते नाही. डावी-उजवी अगदी 50-50 यायलाच हवी असा हट्टही नको. खुर्चीत आडवं असताना जबडा जरा मागे जातो, म्हणून सरळ बसूनही एकदा चेक करायला सांगा.

दुखतं म्हणून महिनोन् महिने एकाच बाजूने चावत राहणंही टाळा. दुखणं कमी झालं की हळूहळू दोन्ही बाजू वापरायला लागा.

आणि वरच्या दातांमागे तार चिकटवलेली असेल तर खालचे दात तिच्यावर आपटतायत का ते नक्की बघून घ्या, कारण तसं असेल तर कितीही वाट बघून बाईट नीट बसणार नाही आणि तार सुटेल ते वेगळंच.