अ‍ॅक्सलचा बूट फाटलाय की जॉइंटच गेलाय?
गाडी जुनी असेल तर दर ऑइल बदलताना पुढची चाकं पूर्ण वळवा आणि अ‍ॅक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुटाच्या, म्हणजे जॉइंटवरच्या आवरणाच्या, घड्या उघडून बघा. रिमच्या आत काळ्या ग्रीसचे शिंतोडे म्हणजे बूट फाटला. वळताना कटकट येत नसेल तर जॉइंट (बुटाच्या आतला सांधा) धुऊन नवा बूट, क्लिपा आणि किटमधलं सगळं मॉलिब्डेनम ग्रीस, एवढ्यावर भागतं. (साधं चेसिस ग्रीस भरू देऊ नका.) सोलापूरच्या धुळीत फाटका बूट तसाच पळवला तर ग्रीसची घासपेस्ट होते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा: कटकट आली तर बाहेरचा (चाकाकडचा) जॉइंट बदलाच. पिकअप घेतानाच थरथर जाणवली तर आतला (गिअरबॉक्सकडचा) जॉइंट तपासा.