तळघराच्या खड्ड्यातला स्ट्रट वाकत होता: माझा अनुभव

सोलापुरात काळ्या मातीत तळघराची खोदाई. पाऊस झाला की माती फुगायची आणि खड्ड्याच्या भिंतींना आडवा टेकू देणारा आय सेक्शनचा (इंग्रजी I आकाराच्या लोखंडी तुळईचा) स्ट्रट मधोमध बाजूला वाकायचा. जाड सेक्शन टाकला, प्लेटा वेल्ड केल्या; डोक्याचा ताप तसाच. आय सेक्शन एका अंगाने कमजोरच, शिवाय विनाआधार लांबी दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धची ताकद चौथाईवर येते. म्हणून सगळ्या अंगांनी सारखाच ताकदवान असा गोल पाइप घेतला.

आधी खोदाई थांबवून शीटच्या (खड्ड्याची माती धरून ठेवणाऱ्या लोखंडी पत्र्यांच्या) पायाशी माती परत भरली. वेलर (शीटला लागून बसवलेली आडवी तुळई, जिच्यावर स्ट्रट टेकतो) आणि शीटमधली फट काँक्रीटने ठासली. पाइप बसवून जॅकने दाब दिला, दाब असतानाच लोखंडी पाचरी ठोकून वेल्डचे टाके मारले, मग जॅक काढला. जुना स्ट्रट त्यानंतरच सोडवला आणि मगच खाली उतरलो.

पाचरी पहाटे तपासा. 6 मीटरचा मोकळा पाइप तापमानातल्या 20 अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटर कमी-जास्त होतो. पहाटेच्या गारव्यात पाइप आखडून पाचर सैल पडली तर कळते; दुपारी सगळं घट्टच वाटतं.