‘रन’चे अर्थ पाठ न करता कसे ओळखायचे

इंग्रजी शिकवताना लांबलचक शब्दांची मला फारशी काळजी वाटत नाही. त्यांना बहुतेक वेळा एक-दोनच अर्थ असतात, ते लक्षात ठेवले की झालं. खरा वेळ द्यावा लागतो ‘रन’सारख्या इवल्याशा शब्दांना. १९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत सर्वाधिक जागा ‘सेट’ने व्यापली होती, ४३०हून जास्त अर्थ. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदले गेले.

ही यादी पाठ करायला अजिबात घेऊ नका. मराठीतलं ‘लागणे’ आपण कुठे पाठ केलं होतं? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, वेड लागतं. कुणाला काय लागलं ते दिसलं की अर्थ कळतो. ‘रन’सुद्धा असाच वाचायचा.

आधी कर्ता बघा. माणूस किंवा प्राणी असेल तर बहुधा धावणं. पाणी असेल तर वाहणं, नाक असेल तर गळणं, कपड्याचा रंग असेल तर धुताना जाणं. यंत्र किंवा प्रोग्रॅम असेल तर चालणं. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ म्हणजे रस्ता नदीच्या कडेने जातो; तिथे हलत काहीच नाही, तरी नजर पुढे सरकते. नाटक ‘रन’ होतं तेव्हा त्याचे प्रयोग सुरू असतात. न अडता पुढे जात राहणं हा धागा या सगळ्यांतून जातो. तो एकदा हाताला लागला की नवखं वाक्यसुद्धा परकं वाटत नाही.

मग पुढे कर्म आहे का ते तपासा. ‘शी रन्स’ म्हणजे ती धावते. ‘शी रन्स अ कंपनी’ म्हणजे ती कंपनी चालवते. इथे एक चाचणी करा. ‘रन’ काढून ‘मॅनेज’, ‘फ्लो’ किंवा ‘वर्क’ घालून पाहा. वाक्य त्याच अर्थाने उभं राहिलं तर तुमचा अंदाज बरोबर. ‘रन अ फीव्हर’ (अंगात ताप असणं) किंवा ‘रन अ रिस्क’ (धोका पत्करणं) इथे यातलं काहीच बसत नाही. असे प्रयोग अख्खे वहीत उतरवा, सुटा शब्द लिहू नका.

सर्वांत जास्त सराव हवा तो मागे जोडून येणाऱ्या छोट्या शब्दांचा. ‘रन इन्टू’ घ्या. पुढे मित्र असेल तर अचानक गाठ पडली, खांब असेल तर आदळलो, अडचण असेल तर तिच्यात सापडलो, आणि ‘मिलियन्स’ असेल तर खर्च तितक्या मोठ्या आकड्यांच्या घरात गेला. ‘रन ओव्हर’सुद्धा तसंच: गाडी कुणाच्या तरी अंगावरून जाते, मीटिंग ठरल्या वेळेपेक्षा लांबते, नोट्स भरभर नजरेखालून जातात. ‘रन आउट ऑफ’मध्ये मराठी माणूस हमखास अडखळतो. आपल्याकडे वेळ संपतो, इंग्रजीत ‘वी रॅन आउट ऑफ टाइम’ म्हणताना कर्ता आपण असतो. हे वाक्य मोठ्याने, कर्ता बदलून बदलून म्हणा.

शब्दकोश उघडताना त्याचा क्रमही माहीत हवा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी अर्थांचा इतिहास मांडते, त्यामुळे आज कुणी न वापरणारा अर्थ सुरुवातीलाच भेटू शकतो. लाँगमनसारखे शिकणाऱ्यांसाठीचे कोश जास्त वापरातला अर्थ आधी देतात. रोजच्या वाचनाला तेच घ्या.

नाम म्हणून ‘रन’ सोपा आहे, विषय कळला की पुरे: क्रिकेटमध्ये धाव, बँकेच्या बातमीत घाबरलेल्या ठेवीदारांची पैसे काढायला उडालेली झुंबड, ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम. फक्त लेखक कुठला आहे तेवढं पाहा. अमेरिकन उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार बहुधा ‘स्टँड’ करतो. अमेरिकेत स्टॉकिंगला ‘रन’ पडतो (विणीचा धागा सुटून पडलेली उभी रेघ), ब्रिटनमध्ये ‘लॅडर’.