घर बांधताय? मराठवाड्याच्या उन्हात या चुका टाळा

मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढा आणि स्लॅबला खालून तळहात लावून बघा. लातूरच्या आमच्या घरी पहिल्याच उन्हाळ्यात मी असा हात लावला, तर आंघोळीच्या पाण्याने भरलेल्या घंगाळाला लावावा तसा लागला. बाहेर वारं सुटलं होतं, अंगणात बाजेवर बरं वाटत होतं. घरात मात्र पंखा स्लॅबची धग खाली लोटत होता. पश्चिमेच्या भिंतीलाही असाच हात लावा. जिथे गरम लागेल तिथे पहिला पैसा घाला, एसीच्या दुकानात नंतर जा.

स्लॅब उघडा सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे पूर्वी माळवद होतं: लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. भर दुपारी आत गेलं की अंग निवायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. त्यानंतर लोक सिमेंटच्या घरांकडे वळले ते योग्यच झालं. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामात तडजोड नकोच. पण मातीचा थर गेला तसं उन्हाला अडवणारं पांघरूणही गेलं, आणि त्याच्या जागी आपण काहीच घातलं नाही. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. त्यात मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लातूरपासून संभाजीनगरपर्यंत दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. खांबाचीसुद्धा सावली पडत नाही, म्हणजे सगळा मारा छतावर.

यावर बरेच जण खालून पीओपीचं सीलिंग करून घेतात. आम्हालाही ठेकेदाराने तेच सुचवलं आणि आम्ही केलं. थोडा फरक पडला, पण स्लॅब तापायचा तो तापतच राहिला. ऊन वरच अडवायला हवं. नवं बांधकाम असेल तर स्लॅबवर उष्णतारोधक शीट, त्यावर पाण्याला उतार देणारा कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा. मडकी पालथी घालून मधल्या जागेत कोबा भरण्याची जुनी रीतही चांगली आहे, कारण मडक्यातली कोंडलेली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही. मात्र छतावर वजन वाढतं, म्हणून आधी इंजिनिअरला विचारा.

घर जुनं असेल आणि हातात पैसा कमी असेल, तर चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा (भिजताना तो उकळतो, लेकरांना लांब ठेवा), गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळायचा आणि गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन दोन-तीन हात द्यायचे. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. पावसात चुना धुपतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो.

पश्चिमेला काच, नैऋत्येला झोपायची खोली

वास्तूप्रमाणे मोठी बेडरूम नैऋत्येला हवी, असा बहुतेक घरांत आग्रह असतो. तो मोडायला मी सांगणार नाही. पण मग पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच लावू नका. त्या भिंतीला आतून कपाटं करा आणि खिडकी दक्षिणेला घेऊन तिच्यावर दोन फुटी छज्जा काढा. पश्चिमेकडे छज्जाचा फारसा उपयोग होत नाही, कारण चारनंतरचं ऊन तिरपं, थेट आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड हवं. आग्रह नसेल, तर जिना, संडास-बाथरूम आणि सामानाची खोली पश्चिमेला टाका. ती तापली तरी झोप मोडत नाही.

झाड लावायचं तर कडुनिंब लावा. पाडव्याच्या सुमारास त्याला कोवळी पालवी फुटते, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये तो हिरवागार असतो. भिंतीपासून मात्र चांगला लांब लावा. काळ्या जमिनीत मुळं ओल ओढतात, माती आकसते आणि पायाला धोका होतो.

स्लायडिंग खिडकी उघडून उघडून अर्धीच उघडते. झडपांची घ्या, रात्री पूर्ण वारा आत येईल. दुपारी “जरा हवा येऊ दे” म्हणून खिडक्या उघडल्या की आत झळा येतात. सकाळी नऊलाच बंद करा आणि अंधार पडल्यावर समोरासमोरच्या उघडा. जुन्या वाड्यांतली माणसं हेच करायची.

कूलरला एसीसारखं वागवणं

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर इथे खरोखर काम देतो. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास वीज घेतो, तर कूलरला त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागतं. पण दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत दमटपणा साचतो आणि अंग चिकचिकतं. त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी. कूलर चांगला चालत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी ही खिडकी बघतो.

पंखे घेताना बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा साधारण ३० वॅटवर चालतो.

आधी सोलर, मग विचार

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, जरूर घ्या. पण छत आणि पंखे आधी सुधारले तर लहान यंत्रणेत भागतं. एक किलोवॅट स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवा आणि पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही ना, हे सकाळी आणि संध्याकाळी गच्चीवर उभं राहून बघा. एका पॅनलवरची सावली सगळ्या रांगेची वीज कमी करू शकते. बोअरच्या जड पाण्याने पॅनल धुतले की क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

काळ्या मातीत शोषखड्डा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आमच्या लातूरला. त्या वर्षी घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्याला गच्चीवरच्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फूट गच्चीवरून गळती-वाफ वजा जाता ५० हजार लिटर पाणी मिळतं. चूक होते ती हे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात. काळी माती भिजली की फुगते, पाणी खाली सोडत नाही. त्यामुळे पाच फुटी खड्डा पहिल्या मोठ्या पावसात भरून वाहतो आणि ओल पायात शिरते. खड्डा घराच्या पायापासून दूर घ्या आणि मुरूम लागेपर्यंत खाली न्या. पाणी बोअरमध्ये सोडायचं असेल तर आधी वाळू-खडीची गाळणी करा, आणि पहिल्या पावसाचं गच्ची धुतलेलं पाणी वेगळ्या पाइपने बाहेर काढा.