ट्रेनर विमानात कॅमेरा लावण्याआधी दोरी बघा

कराडच्या आमच्या फ्लाइंग स्कूलला नवी बॅच आली की कुणीतरी विचारतंच, "ताई, कोणता कॅमेरा घेऊ?" कोणताही घ्या. मुठीत मावणारा, हलका, एकदा बटण दाबलं की सॉर्टी (सरावाचं एक उड्डाण) संपेपर्यंत आपला आपण चालणारा असला की झालं. खरे प्रश्न पुढचे आहेत. तो लावायचा कुठे, बांधायचा कशाला, आणि हवेत निसटला तर तुमचे हात कुठे असायला हवेत?

आधी परवानगी. १९३७ च्या विमान नियमावलीतला तेरावा नियम उडत्या विमानातून फोटो काढायला लेखी परवानगी मागतो. एअर रेग्युलेशनच्या पेपरसाठी तुम्ही तो वाचला असेलच. "प्रवासी तर खिडकीतून सर्रास व्हिडिओ काढतात" असं म्हणणारे भेटतील. ती मुभा प्रवाशांना आहे, आपल्याला नाही. म्हणून कॅमेरा विकत घेण्याआधी सीएफआयना, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टरना, भेटा, शाळेची परवानगी कशी आहे ते विचारा, आणि शेजारी बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरची संमती वेगळी घ्या. क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे दूरच्या गावी जाणाऱ्या उड्डाणाच्या, वाटेवर धरण किंवा हवाई दलाचा तळ येत असेल तर तेही आधीच बोला. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे हे विसरू नका. विमानाच्या बाहेर, पंखाला किंवा स्ट्रटला (पंखाच्या आधारदांड्याला) काही लावायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. तो एएमईच्या, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरच्या, सहीचा विषय आहे, तुमचा-माझा नाही.

आता ज्यात मी अडकले ते सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सक्शन माउंट, म्हणजे काचेला चिकटणाऱ्या रबरी कपाचा कॅमेऱ्याचा स्टँड, जमिनीवर ओढून बघितला तर हलत नाही. म्हणून आपण निर्धास्त होतो. पण सक्शन म्हणजे गोंद नव्हे. कपाच्या आतली हवा कमी केलेली असते आणि बाहेरची हवा त्याला दाबून धरते, एवढंच. कपाच्या कडेतून हवा हळूहळू आत शिरत राहते, आणि हे बाहेरून अजिबात दिसत नाही. विमानाची काच ही काच नसते, ॲक्रिलिक असतं. त्याला बाक असतो, बारीक ओरखडे असतात. त्यावर आपल्याकडची धूळ, आणि गळीत हंगामात पाचट पेटवलेल्या फडांची काजळी. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या विमानात रबर मऊ पडतं. वर इंजिनाची थरथर. उंचीचाही वाटा असतो, पण लोक समजतात तेवढा नाही. कराड मुळात समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, त्यामुळे सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या) उंचीला हवेचा दाब थोडाच कमी होतो. पाच हजार फुटांवरून क्रॉस कंट्री करताना मात्र कराडच्या तुलनेत दहा-अकरा टक्के दाब गेलेला असतो, म्हणजे कपाची पकडही सैल. या सगळ्यामुळे कप जमिनीवर टॅक्सी करताना सहसा सुटत नाही. तो सुटतो दुपारच्या गरम हवेत पहिला जोराचा धक्का बसतो तेव्हा.

माझा डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, सुटला. कॅमेरा निसटला तरी पडू नये म्हणून दोरी होती. एका सीनियरने दिलेली, हातभर लांब, "एवढी असू दे, पाहिजे तशी फिरवता येते" या सल्ल्यासकट. कॅमेरा त्या दोरीवर योकसमोर (विमान वळवायच्या, वर-खाली करायच्या हँडलसमोर) लोंबकळायला लागला आणि माझा उजवा हात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) सोडून त्याच्याकडे गेला. सरांनी "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान घेतलं आणि लँडिंग केलं. खाली उतरल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी मला सीटवर बसवून दाखवलं की दोरी आणखी चार बोटं लांब असती तर कॅमेरा योकच्या मागे गेला असता, आणि फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकताना नाक वर उचलायच्या वेळी, योक मागे आलाच नसता.

म्हणजे सापळा दोन पदरी आहे. लांब दोरी ही दोरी नसण्यापेक्षा वाईट, आणि पडणारी वस्तू झेलायची हाताची सवय त्याहून वाईट. दोन्हींवर उपाय आहे. दोरी वीतभराहून कमी ठेवा. ती माउंटलाच बांधू नका, नाहीतर माउंट सुटला की दोघं मिळून पडतील. बांधायची जागा एएमईंना विचारा; सीटचा खटका, दाराचं हँडल, ट्रिम व्हील, फ्युएल सिलेक्टर यांना हात लावायचा नाही. मग विमान उभं असताना कॅमेरा मुद्दाम काढून लोंबकळू द्या. योक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, पूर्ण मागे ओढा, पूर्ण पुढे ढकला. दोन्ही पेडल शेवटपर्यंत दाबा. सीट पुढे-मागे करून हेच पुन्हा करा, उजव्या सीटवरूनही करा. कुठेही स्पर्श झाला तर ती जागा बाद. दरवेळी कंट्रोल्स फुल अँड फ्री बघायचे ते कॅमेरा लावून झाल्यावर. आणि इन्स्ट्रक्टरसमोर मोठ्याने ठरवा: पडला तर पडू दे, इंजिन बंद होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

हे मी वाढवून सांगत नाही. ९ फेब्रुवारी २०१४ ला ब्रिटिश हवाई दलाचं एक व्हॉयेजर विमान, म्हणजे एअरबस ए३३० च्याच घडणीचं, २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं. कॅप्टनचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिकच्या (योकऐवजी असलेल्या बाजूच्या दांडीच्या) मध्ये राहिला होता. सीट पुढे सरकवली आणि कॅमेऱ्याने स्टिक पुढे ढकलली. आत १९८ माणसं होती, सगळी वाचली. आपल्या सर्किटला एकूण उंचीच हजारभर फूट असते.

जागेबद्दल थोडक्यात. मला मागच्या बाजूच्या खिडकीवरची, दोन सीटच्या मधून पुढे बघणारी जागा सर्वांत बरी वाटते. पॅनेल, हात आणि क्षितिज तिन्ही दिसतं. पुढच्या काचेवर लावाल तर बाहेरचं दृश्य अडतं आणि तो कंपासच्या जवळ येतो. चुंबकाचे माउंट तर बॅगेतही आणू नका. कॅमेरा चालू करून, मग काढून, कंपासचा आकडा हलतो का ते बघाच. दारावर लावू नका, बाहेर पडायची वाट तीच आहे. हेडसेटचा आवाज रेकॉर्ड करायची वायर पायांतून किंवा ट्रिमवरून जात असेल तर वायरच नको. पॉवर बँक नको. कॅमेरा उन्हातल्या विमानात ठेवून जेवायला जाऊ नका, फुगलेली बॅटरी घेऊन तर उडूच नका. काच पुसायला घरातला अमोनियावाला क्लीनर वापरला तर ॲक्रिलिकला बारीक तडे जातात; एएमई देतील तेच वापरा.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. नीट लावलेला कॅमेरा खूप देतो. माझे डोळे फायनलला (उतरण्याआधीच्या सरळ वाटेवर) स्पीडवर खिळून राहतात, चेकलिस्ट वाचताना माझं बोट एक ओळ गाळतं, हे मला व्हिडिओनेच दाखवलं. आरटीवर (रेडिओवर) मी किती घाईने बोलते हेही. घरच्यांनी उसाच्या बिलावर आणि कर्जावर तासांचे पैसे भरलेले असतात. त्यातला एखादा तास जरी वाया जायचा वाचला तरी खूप झालं. पण फ्लेअरची उंची व्हिडिओवरून शिकू नका. वाइड लेन्समध्ये रनवे असतो त्यापेक्षा लांब दिसतो. आणि त्याच दिवशी इन्स्ट्रक्टरबरोबर बसून पाच मिनिटांचा तुकडा बघा, अख्खी सॉर्टी नको. इन्स्ट्रक्टरशिवाय बघितलेला व्हिडिओ आपल्याला हवं तेच दाखवतो, असं माझं ठाम मत आहे. रील बघून क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यात उतरणं) शिकलो म्हणणाऱ्यांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही.

रीलसाठी उडू नका, हे मात्र हात जोडून सांगते. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एक सेस्ना १५० कोसळलं, दोघं गेले. सापडलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या उड्डाणांचं चित्रण होतं. त्यात पायलट फोनने सेल्फी काढताना दिसत होता. कमी उंचीवर फोनमुळे लक्ष विचलित झालं हेही एक कारण, असं तिथल्या तपास यंत्रणेने म्हटलं.

पहिल्या सोलोला, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडताना, कॅमेरा लावायचा का, हे सगळे विचारतात. लावू नका. शेजारची सीट रिकामी असताना पडलेली वस्तू बघायला, विमान घ्यायला कुणी नसतं. सर्किट नेटकी व्हायला लागली, सोलो चेक पार पडले, की इन्स्ट्रक्टरनाच विचारा. त्यांनी स्वतः दोरी ओढून बघितली तरच लावा.