सोलापुरात समुपदेशनाची प्रॅक्टिस उघडण्याआधी

पुण्या-मुंबईत प्रॅक्टिस कशी सुरू करावी याच्या याद्या भरपूर मिळतात. जागा, फी, वेबसाइट, जाहिरात असा त्यांचा क्रम असतो. सोलापुरात क्रम वेगळा लावावा लागतो, कारण इथे येणाऱ्या माणसाच्या मनात सगळ्यात आधी येतं ते ‘कुणी पाहिलं तर?’ आतल्या खोलीत तुम्ही कितीही चांगलं काम करा, जिन्यात चुलत दीर भेटला तर ती बाई पुन्हा येणार नाही. म्हणून खालची जवळजवळ प्रत्येक गोष्ट गोपनीयतेच्या बाजूने तपासून घ्यायची आहे.

पाटी रंगवायला देण्याआधी स्वतःची पात्रता कागदावर मांडा. एम.ए. मानसशास्त्र आणि समुपदेशनाचं प्रशिक्षण झालं असेल तर पाटीवर समुपदेशक लिहा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण आणि त्यांच्या नोंदवहीतला क्रमांक हवा. नोंदणीशिवाय काम केल्यास १९९२च्या कायद्यात शिक्षा आहे. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही येतात. त्यामुळे पदव्या, प्रात्यक्षिकाच्या तासांचे दाखले, सुपरव्हिजनची (म्हणजे ज्येष्ठ समुपदेशकाच्या देखरेखीची) पत्रं आत्ताच एका फायलीत लावून ठेवा. लोक तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणतीलच. गोळ्या मी लिहून देत नाही, हे पहिल्या भेटीत आपणहून सांगा.

सरकारी कागदांत फार वेळ जात नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७च्या शॉप ॲक्टप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी आणि आयकराचं सीएकडून लेखी विचारून घ्या. शेजारच्या दवाखान्याला जे लागू ते समुपदेशकाला लागू असेलच असं नाही. व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या दिवसापासून असावा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली आस्थापनेची व्याख्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या जागांसाठी आहे, संध्याकाळी कुलूप लागणारी खोली तिच्यात बसत नाही. पण त्याच कायद्याचं कलम २३, गोपनीयतेचं, एकदा मुळातून वाचा. तुमच्या संमतीपत्राचा पाया तोच आहे.

आता जागा. भाडं विचारण्याआधी जिना बघा. ज्या इमारतीत लॅब, दातांचा दवाखाना, चष्म्याचं दुकान, ट्युशन क्लास आहे, तिथे चढणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. नुसत्या समुपदेशन केंद्राची स्वतंत्र, सजवलेली, रस्त्यावरची जागा दिसायला छान असते, पण इथे ती पहिल्या वर्षी रिकामी राहण्याची शक्यता जास्त. रेल्वे लाइन्स किंवा सात रस्त्याच्या आसपास दवाखान्यांची वर्दळ असते, तिचा फायदा होतो. जुळे सोलापूर, होटगी रोडकडे नोकरदार वर्ग आणि गाडी लावायला जागा. पूर्व भागात गरज खूप आहे आणि सोय कमी, मात्र यंत्रमागाची खडखड ऐकू येणार नाही अशी खोली तिथे शोधावी लागते. कुठेही घ्या, स्वतः राहता त्या गल्लीत नको. पाटीवर ‘मनोरुग्ण’ हा शब्द नको, मेंदूचं चित्रही नको.

खोलीतला आवाज बाहेर जातो का, हे दोन माणसांना आत नेहमीच्या आवाजात बोलायला लावून बाहेरच्या खुर्चीवर बसून तपासा. प्लायवूडचं पार्टिशन यात हमखास नापास होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, खिडकी बंद ठेवून तासभर बोलायचं तर एसी किंवा कूलर हवाच, आणि वीज गेली तरी पंखा चालेल एवढा इन्व्हर्टर. पाणी रोज येत नाही, म्हणून इमारतीची टाकी किती मोठी आणि स्वच्छतागृहात पाणी असतं का, हे घरमालकाऐवजी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. रडून बाहेर पडणाऱ्या माणसाला तोंड धुवायला पाणी आणि आरसा लागतो. दोन भेटींमध्ये किमान वीस मिनिटं रिकामी ठेवा, म्हणजे जाणारा आणि येणारा समोरासमोर येणार नाहीत. यामुळे दिवसाला एक भेट कमी होईल. होऊ द्या.

फोनचा नंबर वेगळा घ्या. पहिल्याच फोनवर दोन प्रश्न विचारायची सवय लावा: या नंबरवर मी परत फोन केला तर चालेल का, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू? अनेक घरांत फोन एकच असतो किंवा नवऱ्याच्या हातात असतो. व्हॉट्सॲपचा डीपी, आठवणीचा मेसेज, पावतीवरचं नाव, सगळं साधं ठेवा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसतं ते दुसऱ्याच्या मोबाइलवर बघा, कारण तेच नाव बँकेच्या मेसेजमध्ये आणि पासबुकात उमटतं. ‘मानसोपचार केंद्राला ६०० रुपये’ असा मेसेज सासऱ्यांच्या फोनवर गेला की तिचं येणं संपलं. रोख घ्यायचीही तयारी ठेवा, सुट्ट्या पैशांसह.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, दोन पानांच्या आत लिहा आणि वाचून दाखवा. काय गुप्त राहील यापेक्षा काय गुप्त ठेवता येणार नाही ते स्पष्ट असू द्या: जिवाला धोका असेल तेव्हा, न्यायालयाचा आदेश आला तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. या शेवटच्या बाबतीत २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलीने विश्वासाने सगळं सांगून झाल्यावर हे तिला कळणं फार क्रूर आहे, म्हणून आधी सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर त्याच पानावर असू द्या.

घरच्या माणसांना द्यायचं उत्तर आधीच ठरवून, मोठ्याने म्हणून बघा. इथे अपॉइंटमेंट बहुधा दुसराच घेतो: सुनेसाठी सासू, मुलासाठी मामा, बहिणीसाठी भाऊ. भेट संपली की दारात विचारणा होते, ‘काय म्हणाली ओ मॅडम?’ विचारणाऱ्याला खरंच काळजी असते, त्यामुळे तोडून बोलता येत नाही. ‘काका, तिने सांगितलेलं तिच्याकडेच राहील. घरात तुम्ही काय करू शकता ते आपण तिला विचारून, तिच्यासमोर बोलू,’ एवढं पुरतं. फी कुणी भरली यावर हे उत्तर बदलायचं नाही. आणि गावातली भेट: गड्ड्याच्या यात्रेत, नवी पेठेत, लग्नाच्या पंगतीत समोरासमोर याल. पहिल्या दिवशी सांगून टाका की मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही नमस्कार केलात तर मी करेन. जवळचे नातेवाईक, मुलाच्या वर्गशिक्षिका, घरमालक यांना स्वतः घेऊ नका. त्यांना कुणाकडे पाठवायचं, त्या दोन-तीन सहकाऱ्यांची नावं वहीत असावीत.

भाषेची तयारी बहुतेक जण विसरतात, आणि सोलापुरात ती विसरून चालत नाही. शाळेत मराठी शिकलेला माणूस घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलत असतो. व्यवहार मराठीत होतो, दुःख मात्र बऱ्याचदा आईच्या भाषेतच बाहेर येतं. ‘राग आला की कोणत्या भाषेत बोलता? देवाशी कोणत्या?’ असं विचारून बघा. तुम्हाला ती भाषा येत नसेल तरी ते वाक्य आधी त्यांच्या भाषेत म्हणू द्या आणि मग अर्थ विचारा. दुभाषा म्हणून लेकीला किंवा नणंदेला बसवू नका, त्यांच्यासमोर खरं निघणार नाही. तेलुगू आणि कन्नड बोलणारा एकेक प्रशिक्षित सहकारी आत्ताच शोधून ठेवा. विड्या वळणारी अक्का ‘मला नैराश्य आलंय’ म्हणणार नाही. ती म्हणेल डोकं जड झालंय, हातपाय गळतात, छातीत धडधडतं. ती आधी चार डॉक्टर करून आलेली असेल. तिच्या शब्दांतच काम सुरू करा. मात्र थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का हे विचारायला चुकू नका, नसेल तर फिजिशियनकडे पाठवा. पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या प्रश्नावल्यांचे प्रसिद्ध झालेले अनुवाद वापरा, घरी बसून भाषांतर करू नका.

पीएचक्यू-९मध्ये प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली की सविस्तर चौकशी करायची. पण बेरजेच्या आधी नववा प्रश्न बघा, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर त्याच भेटीत, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. सुरक्षिततेचा आराखडा त्यांच्याच शब्दांत लिहून काढा: धोक्याची लक्षणं कोणती, एकट्याने काय करता येईल, कुणाकडे जाऊन बसता येईल, मदत कुणाला मागायची, कोणते नंबर लावायचे, घरातून काय हलवायचं. मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरातला माणूस असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हे विचाराच. ते त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी गेलं पाहिजे. हाताशी विष नसणं हा त्या क्षणी फार मोठा उपचार आहे.

संकटाच्या वेळचे नंबर टेबलाच्या काचेखाली असू द्या: टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ (२०२२ पासून चोवीस तास, मराठीतही), ११२, आणि दोन मनोविकारतज्ज्ञांचे थेट मोबाइल. या तज्ज्ञांना आधीच प्रत्यक्ष भेटा. रात्री अकराला पेशंट पाठवला तर कोण बघेल, खाट नसेल तर कुठे, हे ठरवून घ्या. व्ही. एम. मेडिकल कॉलेजच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग कुठल्या इमारतीत, केसपेपर कुठे निघतो, हे स्वतः जाऊन पाहा, म्हणजे घाबरलेल्या माणसाला नुसतं ‘सिव्हिलला जा’ असं सांगावं लागणार नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय लागलंच तर येरवड्यापर्यंत जावं लागतं. पोलिस केस होईल या भीतीने घरचे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात आणि दवाखान्यात उशीर करतात. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतील, पण मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. हे वाक्य घरच्यांना सोप्या मराठीत सांगता येईल इतकं पाठ करा.

फी ठरवताना शेजारच्याची फी विचारून शंभर कमी करू नका. महिन्याचं भाडं, वीज, सुपरव्हिजन, विमा, घरी न्यायची रक्कम यांची बेरीज करा आणि महिन्यात नीट होतील एवढ्या भेटींनी भागा. दिवसाला चार-पाचच्या वर भेटी घेऊन कुणीही शेवटच्या माणसाला पहिल्याइतकं ऐकू शकत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. सवलत दयेवर सोडू नका: आठवड्यातल्या ठरावीक वेळा कमी फीच्या, त्या भरल्या की प्रतीक्षायादी. ज्यांची मजुरी आठवड्याला होते त्यांना मजुरीनंतरचा दिवस द्या. आयत्या वेळी न आल्यास काय, हे संमतीपत्रात लिहा. विमा कंपनी समुपदेशनाचे पैसे देईल असं आश्वासन मात्र कुणालाही देऊ नका.

वाढ कुठून होते? इथे ती फॅमिली डॉक्टरांकडून होते. त्यांच्याकडे झोप नाही, ॲसिडिटी, धडधड म्हणून येणारी माणसं रोज असतात. पंधरा डॉक्टरांना भेटा, त्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ असू द्या, बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी. पेशंटची परवानगी असेल तर अर्ध्या पानाचं पत्र डॉक्टरांना परत पाठवा. ते पत्र कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम करतं. कुणी कटची, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनची, भाषा काढली तर नम्रपणे नाही म्हणा, आणि स्वतःही कुणाकडून घेऊ नका. शाळा-कॉलेजांत दहावी-बारावीच्या परीक्षेआधी आणि निकालाच्या आठवड्यात पालकांशी बोला. महिला मंडळात, समाजाच्या मंगल कार्यालयात बोलायला बोलावलं तर जा, तिथे झोपेवर किंवा रागावर बोला, आणि कुणाला हात वर करायला लावू नका.

सोशल मीडियावर केस लिहू नका, नाव बदलूनही नाही. ‘विजापूर रोडच्या बँकेतली, दोन मुलींची आई’ एवढ्यावर सोलापूर तिला ओळखतं. पेशंटला गूगलवर रिव्ह्यू लिहायला सांगू नका, आणि कुणी वाईट लिहिलं तरी ‘तुम्ही तीनच भेटींना आलात’ असं उत्तर देऊ नका. त्या उत्तराने तुम्ही जाहीरपणे ते आले होते हे सांगितलेलं असतं. पुण्याला गेलेली मुलं ऑनलाइन भेटी मागतील. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला ती आत्ता कुठे बसली आहेत आणि जवळचं माणूस कोण, हे विचारून लिहून ठेवा.

दुसरा समुपदेशक प्रतीक्षायादी महिनाभर टिकली तरच घ्या. नोंदी कुणाच्या, तो सोडून गेला तर त्याच्याकडे येणाऱ्यांचं काय, हे आधी कागदावर हवं. रिसेप्शनवरच्या ताईंकडूनही गोपनीयतेची सही घ्या आणि त्यांच्या ओळखीचं कुणी आलं तर त्यांनी काय करायचं ते त्यांच्यासोबत बसून ठरवा. स्वतःसाठी सुपरव्हिजन महिन्यातून किमान एकदा, शक्यतो सोलापूरबाहेरच्या ज्येष्ठ व्यक्तीकडे, कारण इथल्या इथे चर्चा केली तर तपशिलावरून माणूस ओळखू येतो.

आणि उघडण्याच्या आधीच, तुम्ही अचानक आजारी पडलात किंवा राहिला नाहीत तर नोंदींचं कपाट कोण उघडेल, ते एका सहकाऱ्याच्या नावाने लिहून द्या. घरच्यांना किल्ली कुठे आहे एवढंच माहीत असावं. ज्यांच्या भेटी चालू आहेत त्यांना कोणत्या नंबरवर, किती वाजता आणि कोणत्या शब्दांत कळवायचं, याचा कागद त्या सहकाऱ्याकडे बंद पाकिटात द्या आणि यादी बदलली की पाकीटही बदला.