पीडीएफमधून संपादन करता येईल असा मजकूर कसा मिळवावा

पीडीएफ फाइल वर्डमध्ये उघडली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर बसल्या, ओळी मध्येच तुटल्या किंवा सबंध पान चित्र होऊन आले, की बहुतेक जण साधनाला दोष देतात आणि दुसरे साधन शोधू लागतात. प्रत्यक्षात अडचण बहुधा त्या फाइलच्या पोटात असते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पीडीएफ फाइली आतून तीन-चार तऱ्हांच्या असतात आणि एका तऱ्हेला लागू पडणारा मार्ग दुसरीला चालत नाही. म्हणून आपल्या हातातली फाइल कोणत्या तऱ्हेची आहे हे आधी ठरवावे आणि साधनाचा विचार त्यानंतर करावा.

हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले आणि २००८ मध्ये त्याला आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. कोणत्याही संगणकावर किंवा छपाईयंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्यामुळे फाइलमध्ये मुख्यतः कोणती अक्षराकृती पानावर नेमक्या कोणत्या जागी काढायची याच्या सूचना असतात. जागा मोजण्याचे एकक म्हणजे इंचाचा ७२वा भाग. परिच्छेद कोठे संपला, शीर्षक कोणते, तळटीप कोणती, याची नोंद टॅग केलेल्या, म्हणजे रचनेच्या खुणा मुद्दाम घातलेल्या, फाइली सोडल्या तर सहसा नसते, आणि काही फाइलींत तर दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून साठवलेली नसते. रूपांतर करणारे साधन ही सारी रचना अक्षरांमधल्या अंतरांवरून अंदाजाने उभी करते. मूळ वर्ड फाइल ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून ती मागून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो फार थोड्यांना आठवतो.

फाइलची परीक्षा

फाइल उघडून एका ओळीवरून माउस ओढावा. ओळ निवडली गेली, तर ती कॉपी करून नोटपॅडसारख्या साध्या संपादकात पेस्ट करावी. वर्डमध्ये पेस्ट केल्यास मूळ फॉन्टही सोबत येऊ शकतो आणि बिघडलेला मजकूर ठीक असल्याचा भास होतो, म्हणून ही चाचणी साध्या संपादकातच करावी. तेथे मजकूर जसाच्या तसा उमटला, तर काम सोपे आहे. देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला, तर फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार झालेली आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी सर्वमान्य पद्धत). देवनागरीच उमटली पण मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटलेली असली, तर फाइल युनिकोड फॉन्टमधली आहे, पण तिच्यातला छुपा मजकूर, म्हणजे दिसणाऱ्या अक्षरांमागे साठवलेला आणि कॉपी करताना हाती येणारा मजकूर, सदोष आहे.

ओळ निवडताच येत नसेल, तर पान ४०० टक्के मोठे करून पाहावे. अक्षरांच्या कडा फुटल्या आणि धूसर झाल्या, तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. कडा रेखीव राहिल्या, तर अक्षरांचे रेषांमध्ये रूपांतर करून फाइल बनवलेली आहे. छपाईसाठी तयार केलेल्या फाइलींत हे नेहमी आढळते. या दोन्ही प्रकारांत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे तंत्र, वापरण्यावाचून गत्यंतर नाही. अडोबी रीडरमध्ये फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी दिसते. निदानाबद्दल शंका असेल तेव्हा ती यादी पाहावी.

मजकूर शाबूत असेल तेव्हा

वर्ड २०१३ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत पीडीएफ थेट उघडता येते. साध्या पत्रासाठी किंवा एकस्तंभी अहवालासाठी तेवढे पुरते. लिबरऑफिस हा मुक्त संच हीच फाइल ड्रॉ या आपल्या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो आणि ओळींचे वेगवेगळे चौकोन करतो, त्यामुळे एखादी तारीख बदलण्यासाठी ते सोयीचे असले, तरी दीर्घ मजकूर नव्याने लिहिण्यासाठी कामाचे नाही. मांडणीची गरज नसेल आणि केवळ मजकूर हवा असेल, तर पॉपलर या मुक्त संचातले पीडीएफटूटेक्स्ट हे साधन वेगवान आणि भरवशाचे आहे.

साध्या मजकुरात मुख्य डोकेदुखी असते ती प्रत्येक ओळीच्या शेवटी आलेल्या परिच्छेदखुणांची. त्या हाताने काढत बसू नये. पानांचे क्रमांक आणि प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा येणारे शीर्षक आधी काढून टाकावे, कारण नंतर ते वाक्यांच्या मध्ये मिसळून जातात. त्यानंतर वर्डमधील शोधा-आणि-बदला चौकटीत, ‘स्पेशल’ या बटणाखाली मिळणारी परिच्छेदखूण वापरून तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत लागोपाठ आलेल्या दोन परिच्छेदखुणांच्या जागी मजकुरात अन्यत्र नसलेले चिन्ह, उदाहरणार्थ ##, घालावे. दुसऱ्या फेरीत उरलेल्या प्रत्येक परिच्छेदखुणेच्या जागी एक मोकळी जागा घालावी. आणि तिसऱ्या फेरीत ## च्या जागी पुन्हा परिच्छेदखूण आणावी. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसेल, तर पहिल्या फेरीचे काम डोळ्यांनी करावे लागते, म्हणजे प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ## स्वतः टाकावे लागते. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडताना ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नये. ‘देवाण-घेवाण’सारख्या शब्दातली खरी जोडरेघ ओळीच्या टोकाला आली असेल, तर तीही नाहीशी होते.

देवनागरीचे खास दुखणे

युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण पानावर ती व्यंजनाच्या आधी काढली जाते. पीडीएफमध्ये काढण्याचा क्रम नोंदलेला असतो. त्यामुळे ‘स्थिती’ कॉपी केल्यावर ‘िस्थती’ असे काहीतरी हाती येते आणि सुट्या पडलेल्या वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते. रफार उलट दिशेने चुकतो: साठवणुकीत तो अक्षराच्या आधी असतो आणि पानावर नंतर काढला जातो. जोडाक्षरे तर अनेकदा एकाच अक्षराकृतीत बसवलेली असतात, आणि त्या आकृतीचे युनिकोड रूप सांगणारा तक्ता फाइलमध्ये नसेल किंवा अपुरा असेल, तर ते जोडाक्षर गळते किंवा त्याच्या जागी दुसरेच काही येते. काही चुका नियमित असतात आणि शोधा-आणि-बदला वापरून दुरुस्त होतात. बाकीच्यांसाठी प्रत्येक शब्द पाहावा लागतो.

अशा वेळी मी सरळ ओसीआरकडे वळण्याचा सल्ला देईन. मजकूर निवडता येत असताना त्याचे चित्र करून ते पुन्हा वाचून घेणे हे वेडेपणाचे वाटते, पण डोळ्यांना दिसणारे पान अचूक आहे आणि बिघाड आहे तो त्यामागच्या छुप्या मजकुरात. ओसीआर फक्त दिसणारे पान वाचते. ओसीआरमायपीडीएफ या मुक्त साधनात आधीचा मजकूर बाजूला ठेवून सर्व पाने नव्याने वाचण्याचा पर्याय खास यासाठीच आहे.

कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची गोष्ट वेगळी आहे. त्यांत अक्षरे रोमन संकेतांच्या जागांवर बसवलेली असतात आणि प्रत्येक घराण्याचा तक्ता वेगळा असतो. गुणधर्मांतून फॉन्टचे नेमके नाव पाहावे आणि त्याच फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तक वापरावा. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला, तर निम्मी अक्षरे जुळतात आणि निम्मी फसतात, जे पूर्ण कचऱ्यापेक्षाही त्रासदायक ठरते. मजकुरात खरी इंग्रजी वाक्ये मिसळलेली असतील, तर परिवर्तक त्यांचीही देवनागरी करून टाकतो. वर्डमध्ये विशिष्ट फॉन्टचाच मजकूर शोधून निवडता येतो, त्यामुळे फॉन्टची माहिती टिकून असेल तर आधी तेवढाच भाग वेगळा काढून त्याचे परिवर्तन करावे.

स्कॅन केलेली पाने

ओसीआरचे यश बरेचसे चित्राच्या दर्जावर अवलंबून असते. स्कॅन ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या मापाने, करावे. ए-४ आकाराचे पान त्या मापाने साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते. त्याहून फार कमी माप ठेवले, तर आधी अनुस्वार आणि उकार हरवतात. जेपेग प्रकारात जास्त दाबलेल्या चित्राची अडचण नेमकी उलटी असते: अक्षरांभोवती उमटलेले ठिपके अनुस्वार म्हणून वाचले जातात. पान तिरके असेल तर आधी सरळ करावे, कडेची काळी पट्टी कापावी, आणि दोन समोरासमोरची पाने एकाच चित्रात असतील तर ती वेगळी करावीत. मोबाइलने छायाचित्र घेताना सावली आणि पुस्तकाच्या मध्यभागी पडणारा बाक टाळावा, कारण बाकाजवळचे शब्द वाचण्यात ओसीआर हमखास चुकते.

थोडी पाने असतील, तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडणे पुरेसे आहे. मराठी अक्षरे तेथे चांगली ओळखली जातात, मात्र मांडणी बरीचशी गळून पडते. पाने पुष्कळ असतील किंवा मजकूर बाहेर जाऊ द्यायचा नसेल, तर टेसरॅक्ट वापरावे. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात विकसित झालेले हे साधन २००५ मध्ये मुक्त झाले आणि २०१८ मधल्या चौथ्या आवृत्तीत त्यात न्यूरल जाळ्यांवर आधारलेली ओळखपद्धती आली. त्याच्यासोबत मराठीची भाषासंचिका वेगळी बसवावी लागते. ती न निवडता काम सुरू केले, तर साधन इंग्रजी गृहीत धरते आणि निरर्थक मजकूर देते. मराठीत इंग्रजी शब्द मिसळलेले असतील, तर दोन्ही भाषा एकत्र निवडता येतात.

सारण्या मजकुरासोबत ओढून आणू नयेत. निवडता येणाऱ्या मजकुराच्या फाइलीतून टॅब्युला हे मुक्त साधन किंवा एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतला पीडीएफमधून माहिती आणण्याचा पर्याय वापरून त्या वेगळ्या काढाव्यात. स्कॅनमधल्या सारण्यांना टॅब्युला चालत नाही.

ऑनलाइन रूपांतर करणाऱ्या संकेतस्थळांवर फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. करार, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्रे किंवा बँकेची कागदपत्रे तेथे चढवू नयेत. फाइलवर संपादनाचे निर्बंध घातलेले असतील, तर ते मोडण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी.

तपासणी आणि जतन

शुद्धलेखन-तपासनीस अर्थहीन शब्द पकडतो, पण अर्थ असलेला चुकीचा शब्द त्याच्या नजरेतून सुटतो. ओसीआरमध्ये घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या जोड्या एकमेकींच्या जागी येतात, आणि ‘घन’चे ‘धन’ झाले तर कोणताही तपासनीस तक्रार करणार नाही. आकड्यांत १ आणि ९ यांची अदलाबदल होते. म्हणून विशेषनामे, तारखा आणि रकमा मूळ पान शेजारी उघडून एकेक करून ताडून पाहाव्यात. सारणीत बेरीज दिलेली असेल, तर ती पुन्हा करून पाहणे हा चूक शोधण्याचा झटपट उपाय आहे. दोन स्तंभांच्या पानावर प्रत्येक स्तंभाचा शेवट आणि पुढच्याचा आरंभ वाचून पाहावा, कारण साधन कधीकधी दोन्ही स्तंभ आडवे वाचते आणि वाक्ये एकमेकांत गुंफली जातात.

साध्या मजकुराच्या रूपात साठवताना संकेतन (एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत) विचारले जाईल तेव्हा यूटीएफ-८ निवडावे. जुने विंडोज संकेतन निवडले गेले, तर सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि ती परत मिळत नाहीत. मूळ पीडीएफ न पुसता त्याच नावाने संपादित फाइलच्या शेजारीच ठेवावी, म्हणजे पुढे एखादा शब्द खटकला तर लगेच ताडून पाहता येतो.